परतकर यांच्या संग्रहातून

लिलावघरात तिला सगळे नोंदबाई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं. कोणती वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली हे शोधण्यात जिची चौतीस वर्षं गेली, तिला स्वतःच्या नावाचा माग मात्र लागला नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. नाव चिकटलं होतं, कामाला शोभत होतं, पुरे.

घरीही तिची सवय सुटत नसे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असत, साखर कधी आणली, कुठल्या दुकानातून. सुनेनं नवं पातेलं आणलं की जुनं कुठे गेलं याचा जबाब द्यावा लागे. सून हसत म्हणायची, आमच्या सासूबाई वर गेल्या तरी खोलीत पाऊल टाकण्याआधी विचारतील, इथे आधी कोण राहत होतं? नवरा बसडेपोत इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला. गुडघे कामातून गेले होते, जीभ शाबूत होती. तो पाहुण्यांना सांगायचा की हिनं लग्नाआधी माझाही माग काढला असता, पण मी कुठल्या लिलावात आलोच नव्हतो, थेट गळ्यात पडलो.

तिचं काम पदकांचं. लढाईतली नव्हेत, स्मृतिपदकं. कुठे पूल झाला, धरण झालं, एखाद्या शाळेला शंभर वर्षं झाली, कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला, की अशी पदकं पाडून माणसांना वाटतात. माणसं ती चार दिवस मिरवतात आणि मग सुतळी, मेणबत्त्या, मोडकी कुलपं असतात त्या खणात टाकून देतात. तीस-चाळीस वर्षांनी तो खण रिकामा करायची वेळ आली की पदकं लिलावघरात येतात, आणि तिथे ती गोळा करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: आधी कुणाकडे होतं? पदक कितीही लखलखीत असो, हे सांगता येत नसेल तर जाणकार ते हातातही धरत नाहीत. सांगता येत असेल, तर तेच पदक मखमलीवर जाऊन बसतं.

ते सांगण्यासाठी नोंदबाई होती. तिच्या खोलीत भिंतभर जुन्या लिलावांच्या छापील याद्या आणि हातानं लिहिलेल्या लांबट वह्या होत्या. पदक टेबलावर आलं की ती आधी त्याची कड भिंगाखाली फिरवायची. कडेवर ठोकलेला क्रमांक, एखादी खोच, कडीपाशी पडलेला डाग. मग यादी, मग वही. अमुक साली, अमुक लॉट, देणारा हा, घेणारा तो. तो घेणारा पुढे कुठल्या यादीत देणारा म्हणून येतो का, ते बघायचं. असं करत करत पदक पहिल्यांदा ज्याच्या हातात पडलं त्या माणसापर्यंत मागे जायचं, आणि हाती लागलेली साखळी दोन ओळींत लिहून खाली सही करायची. त्या दोन ओळी यादीत छापल्या जात. पुढच्या खेपेला दुसरं कुणी त्या छापील दोन ओळींना धरून पुढे सरके.

तिचं नाव झालं ते पहिल्याच वर्षी. गोदाम आवरताना बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात अकरा पदकं सापडली. कुणाची, कुठली, काही कळेना. जुने मालक तेव्हा हयात होते. त्यांनी डबा नव्या पोरीपुढे ठेवला आणि बघ म्हणाले. तिनं सतरा दिवस वह्या चाळल्या. अकराच्या अकरा पदकांची नोंद सापडली, चार-पाच वर्षांपूर्वीच्या वेगवेगळ्या लिलावांतली, देणारे वेगवेगळे. पण घेणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नाव. परतकर.

म्हणजे परतकर नावाच्या एका संग्राहकानं ही पदकं वेचून वेचून घेतली होती, लिलावघरातच ठेवली होती आणि न्यायला तो आलाच नव्हता. मालक खूश झाले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली गेली की परतकर यांच्या वारसांनी संपर्क साधावा. कुणी आलं नाही. मुदत संपली, अकरा पदकं विकली गेली, आणि प्रत्येकाखाली नोंदबाईच्या दोन ओळी छापल्या गेल्या: ‘परतकर यांच्या संग्रहातून.’ तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. पुढे त्या पदकांना वजन आलं. संग्राहकांच्या मंडळाच्या पत्रकात कुणीतरी ‘परतकर यांची चोखंदळ नजर’ असा लेखही लिहिला आणि ते अविवाहित असावेत असा अंदाज केला.

निवृत्तीला चार महिने उरले असताना टेलरबाई आली.

ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवणारी, पन्नाशीची, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेली. मुख्य दारावरच्या शिपायानं तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ती नोंदबाईच्या जेवणाच्या सुट्टीत जिन्यात वाट अडवून उभी राहिली. तिच्याकडे एक जुनी पावती होती. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांना ती अण्णा म्हणे. त्यांचा जाड कोट उसवून पिशव्या करायला घेतला, तर अस्तरात ही पावती निघाली. पूल बांधणीच्या वेळचं कांस्याचं पदक, कडेवर क्रमांक ११७, लिलावासाठी जमा, खाली अडतीस वर्षांपूर्वीची तारीख. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं चार तारखा आणि प्रत्येकीपुढे ‘पुढच्या आठवड्यात’ असं लिहून खोडलेलं.

अण्णा पुलावर रिव्हेट ठोकायचे. पूल पुरा झाला तेव्हा दोनशे कामगारांना पदकं दिली, त्यांतलं हे एक. पोरीला शिवणयंत्र घेऊन द्यायचं म्हणून त्यांनी ते लिलावात दिलं. घरी येऊन सांगितलं, कुणी बोलीच लावली नाही, पुढच्या आठवड्यात परत देणार आहेत. तो पुढचा आठवडा काही आला नाही. विचारून येतो म्हणून ते तिकडे जात आणि हात हलवत परत येत. आईला संशय आला की विकलं आणि उडवलं. तिनं दहा घरची धुणीभांडी करून यंत्र घेतलं, आणि त्यानंतर जन्मभर त्यांना ऐकवलं. पुढे तर पदक विकलं गेल्याचं लिलावाच्या पुस्तकात छापूनच आलं. घेणाऱ्याचं नावसुद्धा होतं, परतकर.

टेलरबाईला पदक नको होतं. तिला परतकरांचा पत्ता हवा होता. ते नसले तर मुलाबाळांचा. अण्णांनी पदक त्यांना विकलं की नाही, एवढंच एकदा विचारायचं होतं. आई नव्वदीला आली आहे, तिच्या डोळ्यांदेखत काय ते ठरू दे, असं ती म्हणाली.

चौतीस वर्षांत परतकरांचा पत्ता कुणी मागितला नव्हता. नोंदबाईला बरंच वाटलं. दोन दिवसांत देते म्हणाली. पदक क्रमांक ११७ तेव्हा त्याच इमारतीत होतं. एका वारलेल्या डॉक्टरांचा संग्रह विकायला आला होता, त्यात ते होतं, आणि तीन आठवड्यांनी त्याचा लिलाव होता.

बोली लावणाऱ्यांच्या पत्त्यांची जुनी वही तिनं काढली. तीत परतकर नव्हते. आधीच्या वहीत नव्हते, नंतरच्याही नव्हते. जो माणूस अकरा वेळा बोली लावतो त्याचा पत्ता एकदाही लिहिला जात नाही, हे तिला पटेना. तिनं लिलावाच्या वह्या पुन्हा घेतल्या आणि या वेळी नुसती पदकांची पानं नाही, पहिल्यापासून सगळी वाचायला बसली. तिथे परतकर भेटले. परतकरांनी तडा गेलेलं हात धुण्याचं भांडं घेतलं होतं. परतकरांनी तीन पायांचं टेबल घेतलं होतं, एका पायाचा बूट घेतला होता, आणि एका लिलावात तर सकाळपासून नऊ वस्तू, ज्यांतली एकही शहाण्या माणसानं घरात आणली नसती.

वही लिहिणारा कारकून कधीच वारला होता. त्याचं अक्षर नोंदबाईला नवऱ्याच्या अक्षरापेक्षा ओळखीचं. तो आधी सगळी अक्षरं मांडायचा आणि मग पट्टीनं ओढल्यासारखी एकच शिरोरेषा रकानाभर ओढायचा. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, ते वाचणाऱ्यानं बघून घ्यावं. वहीत शेऱ्याचा रकाना नव्हता. एका पानावर पक्ष्याचा पिंजरा होता, तळ नसलेला. देणारी कुणी बाई. घेणाऱ्याच्या रकान्यात, एका लांब रेघेखाली, अक्षरं दाटीवाटीनं लटकत होती: परतकरबाईरोजयेऊनबसते.

परत कर. बाई रोज येऊन बसते.

ते कुणाचं नाव नव्हतंच. जी वस्तू विकली गेली नाही तिच्यापुढे घेणाऱ्याचा रकाना मोकळा राही. कारकून त्या मोकळ्या जागेत गोदामवाल्याला सांगून ठेवी, की ही परत कर.

नोंदबाई त्या दिवशी घरी आली ती पदकाच्या नोंदीची पातळ कागदावर गिरवून घेतलेली नक्कल घेऊन. जेवायच्या टेबलावर तिनं तो कागद नवऱ्यापुढे ठेवला आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. त्यानं चष्मा न लावताच वाचलं. "परत कर. काय परत करू? मी काय घेतलंय तुझं?" सुनेनं भाजी चिरता चिरता मान वाकडी करून पाहिलं, तिनंही तेच वाचलं. मुलानं फोनवरून नजर हलवून वाचलं, तेच. नोंदबाईनं विचारलं, हे आडनाव वाटत नाही का? नवरा म्हणाला, आडनाव असतं तर पुढे श्री नको का? आणि तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं ताट पुढे ओढलं. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि जेवण झाल्यावर डब्यांवरच्या चिठ्ठ्या उगाच सरळ करत बसली.

व्यवस्थापक तिच्या मुलाच्या वयाचा. सभ्य, इस्त्रीतला, तिला मॅडम म्हणणारा. त्यानं तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग त्यानं टेबलावर एकेक करून चार छापील याद्या मांडल्या. चारही वेळा पदक ११७ ‘परतकर यांच्या संग्रहातून’ म्हणून विकलं गेलं होतं. दुसरी यादी पहिलीचा हवाला देत होती, तिसरी दुसरीचा, चौथी तिन्हींचा. पहिली कुणाचा हवाला देत होती, तर नोंदबाईचा. तिच्या सहीचं टिपण फाइलीत होतं. शाई अजून काळीभोर होती.

"मॅडम, तेव्हा तुमचा पुरावा काय होता? ही ओळ," तो म्हणाला. "आणि आज उलट सांगायला पुरावा काय? हीच ओळ. ओळ तीच आहे, तुम्ही ती दुसऱ्या तऱ्हेनं वाचताय एवढंच."

तिनं पिंजऱ्याची नोंद दाखवली. तो म्हणाला, तिथे परत कर असेल, म्हणून इथे परतकर नाही असं होत नाही. परतकर नावाची माणसं जगात नसतीलच असं आपण लिहून देऊ शकतो का? आणि दिलं, तर उरलेल्या दहा पदकांचं काय, ज्यांनी ती विश्वासानं घेतली त्यांचं काय? तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं. पावतीमागच्या पेन्सिलीच्या तारखांकडे पाहून तो नुसता वाईट वाटल्यासारखं म्हणाला की या कुणीही लिहिल्या असतील. तरी तिनं हट्ट धरला म्हणून त्यानं यादीतल्या मजकुरात ‘आधीच्या मालकीबाबत दुमत आहे’ अशी ओळ टाकून बघितली. वकिलानं दुसऱ्या दिवशी ती काटली. वकिलाचं म्हणणं, दुमत कुणाचं? दोन्ही मतं एकाच बाईची आहेत.

नोंदबाईनं टेलरबाईला खरं ते सांगितलं. तसं लेखी काही देता येणार नाही, पण तुमचे अण्णा खोटं बोलत नव्हते. टेलरबाई दुकानाच्या फळीवर बसली होती. तिच्या मांडीवर कुणाचं तरी परकराचं कापड होतं. ती कापडाच्या दशा तोडत राहिली आणि मग म्हणाली, "हे आईला तुम्ही सांगा. माझं ती ऐकायची नाही. मी बापाची लाडकी."

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र आणि कापडाचे तागे, आतल्या खोलीत खिडकीला लागून खाट. म्हातारी तक्क्याला टेकून बसली होती. कान उत्तम, दात नाहीत, नजर माणसाला कापून पलीकडे जाणारी. पाहुणी लिलावघरातून आलीय म्हटल्यावर तिनं उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत यादीतलं एक पान होतं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. अठरा वर्षांपूर्वी ती ज्या घरी भांडी घासायची तिथे हे पुस्तक टेबलावर पडलेलं होतं. पुलाचं चित्र तिनं ओळखलं. मालकिणीकडून मजकूर वाचून घेतला, हातापाया पडून पान मागून घेतलं आणि घरी येऊन नवऱ्यापुढे धरलं. त्याला वाचता येत होतं. त्यानं वाचलं. तो म्हणाला, मी कुणा परतकराला ओळखत नाही. ती म्हणाली, छापलेलं खोटं आणि तू खरा?

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो पुढे नऊ वर्षं जगला. ताट समोर ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची. हे टेलरबाईनं नंतर जिन्यात सांगितलं. खोलीत मात्र नोंदबाईला एवढंच दिसत होतं, की म्हातारी नवऱ्याबद्दल बोलताना ‘तो’, ‘त्यानं’ म्हणते. त्या पिढीतली बायको नवऱ्याला असं म्हणत नाही. आणि ते पान उलटं धरलं असतं तरी नोंदबाईला वाचता आलं असतं, कारण त्यातल्या दोन ओळी तिच्या होत्या.

तिनं सांगितलं. हळू, एकेक करून, लॉट नंबर सांगतात तसं. विकलं गेलं नाही. परत करायचं होतं. गोदामवाल्यानं केलं नाही. डब्यात पडून राहिलं. चार वर्षांनी मला सापडलं आणि मी चुकीचं वाचलं. परतकर कुणी नव्हतेच.

म्हातारीनं पानावर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि आता तुम्हीच म्हणताय चुकलं."

"हो."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. म्हातारीनं पानाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारायला गेली तर बोटांना ती जमेना. टेलरबाई पुढे झाली, तिचा हात तिनं बाजूला केला. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "म्हणजे हे खरंच जात होते तिकडे."

टेलरबाईनं चहा केला, तो गार झाला. निघताना नोंदबाईला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं, निदान एक गोष्ट जागेवर ठेवली. घरी तिनं नवऱ्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, नव्वदीच्या बाईला काय जागेवर ठेवायचंय आता? ती त्याच्यावर चिडली. तुम्हाला कळणार नाही म्हणाली.

लिलाव ठरल्या दिवशी झाला, दुपारी. नोंदबाई मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती. इतक्या वर्षांत ती लिलावाला फारशी बसली नव्हती. तिचं काम त्याआधीच संपलेलं असे. ११७ ची पाळी आली तेव्हा हातोडेवाल्यानं नेहमीच्या घोगऱ्या आवाजात वाचलं, पुलाच्या उद्घाटनाचं कामगार पदक, कडेवर क्रमांक, परतकर यांच्या संग्रहातून. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. फोनवरून कुणीतरी घेतलं. अर्ध्या मिनिटात पुढची वस्तू आली. एकदा तिला वाटलं, उभं राहावं. पण उभं राहून काय म्हणायचं, हे तिला माहीत होतं आणि त्यावर काय उत्तर येईल तेही माहीत होतं. ती बसून राहिली.

म्हातारीला भेटून आल्याला सहा दिवस झाले तेव्हा टेलरबाई आली. या वेळी शिपायानं अडवलं नाही. ती खोलीत आली आणि उभीच राहिली, खुर्ची दाखवली तरी बसली नाही. आई खात नव्हती. पहिले दोन दिवस वाटलं, धक्का बसलाय, होईल ठीक. तिसऱ्या दिवशी दूधही थांबलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते आणि मध्येच उठून विचारते, हे जेवले का? सारखं तेच. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला वय झालंय, सलाइन लावू. आईनं सुई ओढून काढली.

टेलरबाई हे सगळं टेबलाच्या कडेकडे बघून बोलत होती. नोंदबाईनं विचारलं, मी काय करू?

"तुम्ही एकदा या," टेलरबाई म्हणाली. "आणि तिला सांगा की तुम्ही चुकलात."

"चुकलेच आहे मी. सांगितलं ना."

"ते नाही. आता चुकलात म्हणून सांगा. पुन्हा तपासलं, परतकर होते म्हणून. अण्णांनी विकलं म्हणून."

नोंदबाईनं हातातलं भिंग खाली ठेवलं. असं कसं सांगायचं, म्हणाली. तुम्हालाच तर खरं हवं होतं. वडिलांवरचा डाग पुसायचा होता.

"मला कळलं ना," टेलरबाई म्हणाली. "मला पुरे झालं तेवढं. अण्णांना आता काय फरक पडतो? ती मरतेय, बाई. अठरा वर्षं ती बरोबर होती म्हणून उभी होती."

नोंदबाईनं रुकार दिला नाही, नकारही दिला नाही. संध्याकाळी घरी न जाता ती त्या जिन्याशी गेली, दोनदा मागे फिरली, आणि मग चढली.

म्हातारी सहा दिवसांत अर्धी झाली होती. गालाची हाडं वर आली होती. टेलरबाईनं तिला उठवून बसवलं, पाठीला उशी दिली आणि दुधात कुस्करलेल्या पावाची वाटी बाजूला ठेवली. नोंदबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. बोलायचं ते वाटेत मनात घोळवून आणलं होतं, तरी तोंडून निघताना मध्येच अडकत होतं. ती म्हणाली, आजी, मी पुन्हा वह्या बघितल्या. आधी घाईत बघितलं होतं. माझं चुकलं. पदक विकलं गेलं होतं.

म्हातारीनं डोळे तिच्यावर रोखले. ही नजर आपल्याला सोडायची नाही असं नोंदबाईला वाटलं, आणि क्षणभर तिला तेच बरं वाटलं.

"मग ते परतकर होते?"

"होते."

"तुम्ही बघितलंत त्यांना?"

टेलरबाई दाराच्या चौकटीत उभी होती. नोंदबाईनं तिच्याकडे बघितलं नाही.

"बघितलं," ती म्हणाली. "एकदा आले होते कचेरीत. उंच होते."

"आणि ते त्यानं त्यांना विकलं."

"हो."

म्हातारीनं श्वास सोडला. खांदे थोडे खाली आले. मुलीकडे मान वळवून ती म्हणाली, "बघ. मी म्हणत नव्हते? विकलंच त्यानं." आवाजात पूर्वीची धार आली होती. वाटी पुढे आण म्हणाली. टेलरबाईनं चमचा भरला, तो तिनं स्वतःच्या हातात घेतला आणि खाल्लं. एक घास, दुसरा, मग थांबून हनुवटी पुसली.

"नीट ठेवलं असेल ना हो त्या माणसानं?" तिनं विचारलं. "फार चकचकीत होतं. पुलावर मिळालं त्या दिवशी ह्यांनी मला गळ्यात घालून बघायला लावलं होतं."

नोंदबाई म्हणाली, काचेच्या कपाटात ठेवलं होतं. खाली निळी मखमल. म्हातारीनं मान हलवली आणि तिसरा घास घेतला. मग विचारलं, घरी कोण कोण होतं त्यांच्या. नोंदबाईनं सांगितलं, बायको होती, दोन मुली. मोठीचं लग्न झालं होतं. टेलरबाई बाहेरच्या खोलीत निघून गेली होती. तिथून यंत्र चालल्याचा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. म्हातारी खात होती आणि एकेक विचारत होती, घर स्वतःचं होतं का, बायको स्वभावानं कशी होती, आणि नोंदबाई सांगत होती.